मातीच्या तबकडीवरचा प्रिस्टली

निळी, तळहातावर मावेल एवढी लंबगोल तबकडी. तिच्यावर पांढऱ्या मातीत उठावाने केलेला एका माणसाचा चेहरा, एका बाजूने दिसणारा, जुन्या नाण्यांवर राजाचा असायचा तसा. वर ग्लेझ नाही, चकाकी नाही. अशा वस्तूला मेडॅलियन म्हणतात. दिसायला पदकासारखं, पण गळ्यात घालायचं नाही. भिंतीवर किंवा कपाटात ठेवायचं. १७७० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या जोसाया वेजवुडच्या कारखान्यात अशी शेकडो माणसांची मेडॅलियन बनत होती आणि चक्क कॅटलॉगमधून विकली जात होती. त्यातला हा चेहरा जोसेफ प्रिस्टलीचा. शाळेत ऑक्सिजनच्या धड्यात एका ओळीत ज्याचं नाव येऊन जातं, तोच.

या तबकडीची एक गंमत आहे, आणि तिच्यामुळेच मला प्रिस्टलीवर लिहावंसं वाटलं. ज्या कारखान्यात त्याचा चेहरा भाजला जात होता, तिथूनच त्याच्या प्रयोगशाळेची मातीची भांडी येत होती. ती नुसती येत नव्हती, फुकट येत होती. आणि त्याच्या आयुष्यातला एक मोठा गोंधळ मातीच्याच एका भांड्याने घातला.

आधी तबकडी बनते कशी, ते बघू

वाशिंदहून शहापूर, मुरबाड किंवा भिवंडीकडे कुठेही निघा, पावसाळा संपला की वीटभट्ट्या दिसायला लागतात. तिथे थोडा वेळ उभं राहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. विटेचा साचा भाजलेल्या विटेपेक्षा मोठा असतो. ओली माती वाळताना आक्रसते, भट्टीत आणखी आक्रसते. किती आक्रसणार हे माती, पाणी आणि आच यांवर ठरतं, आणि जुना कारागीर ते हाताच्या अंदाजाने सांगतो.

वेजवुडने हाच अंदाज आकड्यांत बसवला. १७३० साली कुंभारांच्या घरात जन्मलेला हा माणूस. लहानपणी देवी आल्या, त्यात उजवा गुडघा कायमचा बिघडला आणि पुढे १७६८ मध्ये तो पाय कापावा लागला. त्यामुळे चाकावर बसून भांडी घडवण्यापेक्षा माती आणि रंग यांच्या मिश्रणांवर प्रयोग करणं हेच त्याचं काम झालं. प्रत्येक प्रयोगाच्या तुकड्यावर तो क्रमांक टाकायचा आणि वहीत त्या क्रमांकासमोर कृती लिहायचा, तीही सांकेतिक खुणांत, म्हणजे कामगाराने पळवली तरी कळू नये. आपल्याकडे टेस्ट केसला आयडी देतात ना, तसंच. हजारो चाचण्यांनंतर १७७०च्या दशकाच्या मध्याला त्याला हवी होती ती माती मिळाली. तिला जॅस्पर म्हणतात. तिच्यातला मुख्य घटक डर्बीशायरच्या खाणींतून येणारं बेरियम सल्फेट. तिच्यात कोबाल्टचं ऑक्साइड मिसळलं की निळा रंग येतो. भाजल्यावर ती इतकी घट्ट होते की ग्लेझ न देताही पाणी शोषत नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चेहरा आधी शिल्पकार मेणात घडवायचा. त्यावरून प्लास्टरचा साचा. साच्यात पांढरी माती दाबून भरायची. प्लास्टर पाणी ओढून घेतं, माती किंचित आक्रसते आणि सुटते. मग तो पातळ चेहरा उचलून ओल्या निळ्या तबकडीवर पाण्याच्या बोटाने चिकटवायचा आणि दोन्ही एकत्र भाजायचं. दोन्ही मातींचं आक्रसणं सारखं हवं, नाहीतर चेहरा तडकून निघणार. ज्यांनी शाडूचा गणपती साच्यातून काढताना पाहिलाय त्यांना आणखी एक अडचण लगेच कळेल: साचा कडक असेल तर आत वळलेला भाग अडकतो. चेहरा समोरून घेतला तर नाक, कानामागची खोबण, हनुवटीखालचा भाग, सगळंच अडकणार. बाजूने घेतला की उठाव कमी पुरतो, साचा सुटतो आणि माणूस ओळखूही येतो. मेडॅलियनवरचे बहुतेक चेहरे बाजूने दिसतात त्यामागे सौंदर्याइतकंच हे कारण आहे.

आक्रसण्याचा उपयोगही करून घेतला होता. भाजलेल्या चेहऱ्यावरून पुन्हा साचा घ्यायचा, पुन्हा माती भरायची, पुन्हा भाजायची. दर वेळी तोच चेहरा थोडा लहान. म्हणजे भिंतीवरच्या तबकडीपासून अंगठीतल्या खड्यापर्यंत, एकाच मूळ फाइलवरून वेगवेगळ्या साइझ.

हे सगळं कोणासाठी? तर न्यूटन, फ्रँकलिन, बँक्स यांचे चेहरे आपल्या घरात असावेत असं वाटणाऱ्या मध्यमवर्गासाठी. संगमरवरी पुतळा सरदारांना परवडायचा. मातीची तबकडी डॉक्टरला, वकिलाला, शिक्षकाला परवडायची. वैज्ञानिक ही घरात लावायची व्यक्ती आहे, ही कल्पनाच तेव्हा नवी होती.

प्रिस्टली कोण होता

त्याचा जन्म १७३३ चा, यॉर्कशायरमध्ये लीड्सजवळच्या बर्स्टॉल भागातला. वडील लोकरी कापडाच्या शेवटच्या प्रक्रियेचं काम करायचे. आई लहानपणीच गेली, मग त्याला आत्याने वाढवलं. घर धार्मिक, पण इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरचं. त्या काळात अशा लोकांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी मिळत नसे. म्हणून तो त्यांच्या स्वतःच्या एका अकादमीत शिकला आणि धर्मोपदेशक झाला. बोलताना अडखळायचा, त्यामुळे सुरुवातीची प्रवचनं फार कुणाला आवडली नाहीत. पोटासाठी शिकवायला लागला आणि १७६१ मध्ये वॉरिंग्टनच्या अकादमीत शिक्षक झाला.

तिथे त्याने केलेली एक गोष्ट आमच्या धंद्यातल्या लोकांना माहीत असायला हवी, आणि बहुतेकांना नसते. १७६५ मध्ये त्याने इतिहास शिकवण्यासाठी एक तक्ता छापला. आडव्या रेषेवर वर्षं, आणि प्रत्येक प्रसिद्ध माणसासाठी जन्मापासून मृत्यूपर्यंत एक आडवी पट्टी. सुमारे दोन हजार माणसं. कोण कुणाच्या काळात होतं हे एका नजरेत दिसतं. आज प्रोजेक्ट मॅनेजर जो तक्ता दाखवून आपल्याला डेडलाइन सांगतो, त्याचा हा पूर्वज. पट्ट्यांनी काळ दाखवायची कल्पना इथून पुढे गेली आणि आलेखांचा जनक मानला जाणारा विल्यम प्लेफेअर तिचं ऋण मान्य करतो.

वॉरिंग्टनमुळेच वेजवुडशी ओळख झाली. वेजवुडचा भागीदार टॉमस बेंटली हा त्या अकादमीच्या कामात होता. लंडनमध्ये बेंजामिन फ्रँकलिन भेटला. फ्रँकलिनने पुस्तकं दिली, उत्साह दिला, आणि १७६७ मध्ये प्रिस्टलीचा विजेचा जाडजूड इतिहास छापून आला. त्यात दुसऱ्यांचे प्रयोग होतेच, शिवाय स्वतः करून पाहिलेलेही. विजेचं आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असणार, गुरुत्वाकर्षणासारखंच, हा तर्क त्यात आहे. कूलॉमचं मोजमाप त्यानंतर जवळपास वीस वर्षांनी आलं.

१७६७ मध्येच तो लीड्सला प्रार्थनागृहाचा उपदेशक म्हणून गेला आणि राहायला घर मिळालं ते बिअरच्या भट्टीला लागून. आंबणाऱ्या पिंपांवर एक जड हवा साठून राहते, तिच्यात मेणबत्ती विझते, हे त्याने पाहिलं. ही हवा म्हणजे कार्बन डायऑक्साइड. पिंपावर पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहिलं तर ती पाण्यात उतरते आणि पाणी चवीला झणझणीत लागतं. पुढे त्याने खडू आणि आम्ल वापरून घरच्या घरी असं पाणी करायची पद्धत काढली आणि १७७२ मध्ये कृतीसकट छापून टाकली. समुद्रावरच्या खलाशांचा स्कर्व्ही यामुळे बरा होईल अशी त्याची आशा होती. ती चुकीची निघाली. पाणी मात्र राहिलं. पेटंट वगैरे त्याने घेतलं नाही. सोडावॉटरचा धंदा १७८३ च्या सुमारास जिनिव्हात श्वेप नावाच्या घड्याळ-कारागिराने उभा केला आणि पैसा त्याने कमावला. लिंबू-सोड्याच्या गाडीवर उभे राहाल तेव्हा या उपदेशकाची आठवण काढायला हरकत नाही.

हवा पकडणारा माणूस

तेव्हा हवा म्हणजे हवा, एकच पदार्थ, असं बहुतेकांना वाटायचं. प्रिस्टलीने एकामागून एक वेगवेगळ्या हवा पकडल्या: अमोनिया, हायड्रोजन क्लोराइड, सल्फर डायऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड. युक्ती साधी होती. वायू गोळा करायला पाण्यात उलटी बुडवलेली बाटली वापरत, पण पाण्यात विरघळणारे वायू त्यात हाती लागत नसत. त्याने पाण्याऐवजी पारा वापरला.

पुदिन्याचा प्रयोगही लीड्समधलाच. मेणबत्ती जळून विझलेल्या बंद हवेत त्याने पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळली. झाडं हवा सुधारतात, हे पहिल्यांदा प्रयोगाने दिसलं ते असं.

१ ऑगस्ट १७७४. आता तो लॉर्ड शेलबर्न या श्रीमंत राजकारण्याकडे ग्रंथपाल होता. बारा इंच व्यासाच्या भिंगाने ऊन एकवटून त्याने पाऱ्याच्या लाल भस्मावर टाकलं. त्यातून वायू निघाला आणि त्यात मेणबत्ती भडकून जळाली. पुढच्या मार्चमध्ये त्याने त्या वायूत उंदीर ठेवला. साध्या हवेत तो जितका टिकला असता त्याच्या दुप्पट टिकला आणि बाहेर काढल्यावर हुशारही झाला. मग प्रिस्टलीने स्वतः हुंगून पाहिला; छाती हलकी वाटली. स्वीडनच्या शीलने हा वायू आधीच मिळवला होता, पण त्याचं लिखाण १७७७ पर्यंत छापलं गेलं नाही. प्रिस्टलीने मात्र हातात आल्या आल्या सांगायला सुरुवात केली. ऑक्टोबर १७७४ मध्ये पॅरिसला जेवणाच्या टेबलावर त्याने हा प्रयोग लाव्हाझियेला सांगून टाकला.

आता गुंता. प्रिस्टलीच्या डोक्यात फ्लॉजिस्टनचा सिद्धांत होता. जळणाऱ्या प्रत्येक वस्तूत फ्लॉजिस्टन नावाचं काहीतरी असतं, जळताना ते बाहेर पडतं आणि आजूबाजूची हवा ते शोषते. हवा भरली की ज्योत विझते. हसू नका, हा सिद्धांत बऱ्याच गोष्टी नीट समजावतो: लाकूड जळून हलकी राख उरते, बंद भांड्यातली मेणबत्ती विझते. त्यामुळे ज्या हवेत ज्योत जास्त जळते ती फ्लॉजिस्टन अजिबात नसलेली हवा, असं प्रिस्टलीने ठरवलं आणि तेच नाव दिलं. लाव्हाझिये तराजूवाला माणूस. धातू तापवल्यावर वजन वाढतं, मग काहीतरी आत येत असणार. बाहेर जाणारं फ्लॉजिस्टन नाही, आत येणारा ऑक्सिजन. डेटा तोच, मॉडेल उलटं.

पाझरणारं भांडं

१७८० मध्ये प्रिस्टली बर्मिंगहॅमला आला. तिथे पौर्णिमेच्या जवळच्या सोमवारी जमणारी एक मित्रमंडळी होती, म्हणून तिला लूनर सोसायटी म्हणत. पौर्णिमा का? तर रात्री घरी परतताना रस्ता दिसावा. जेम्स वॉट, त्याचा भागीदार बोल्टन, इरॅस्मस डार्विन (चार्ल्सचा आजोबा) आणि अधूनमधून वेजवुड. यातल्या काहींनी वर्गणी काढून प्रिस्टलीच्या प्रयोगांना पैसे दिले. वेजवुडने वर्षाला ठरावीक रक्कम दिलीच, शिवाय नळ्या, रिटॉर्ट, थाळ्या, खल अशी मातीची सामग्री. तीव्र आम्ल आणि तीव्र आच सहन करणारी भांडी तेव्हा दुकानात मिळायची सोय नव्हती. आणि कुंभाराला यातून फुकटची चाचणी मिळत होती: भांडं कुठे फुटतं, कुठे पाझरतं.

तर १७८२-८३ च्या सुमारास प्रिस्टलीने पाणी मातीच्या रिटॉर्टमध्ये तापवलं आणि दुसऱ्या टोकाला हवा मिळाली. वाफ नाही, थंड केल्यावरही न विरघळणारी खरी हवा. आणि गेलेल्या पाण्याच्या वजनाच्या जवळपास मिळालेल्या हवेचं वजन. पाण्याची हवा होते! वॉटला तर हे फार पटलं, कारण वाफ पुरेशी तापली तर कायमची हवा बनेल असा त्याचा आधीपासून तर्क होता. मंडळी खूश.

पण काचेच्या भांड्यात तोच प्रयोग केला तर काहीच मिळेना. इथे बऱ्याच जणांनी काचेला दोष दिला असता. प्रिस्टलीने मातीवर संशय घेतला. रिटॉर्टच्या भोवतीची हवा बंदिस्त करून त्याने पाहिलं. आत जेवढी हवा तयार होत होती, तेवढीच बाहेरची कमी होत होती. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ बाहेर जात होती आणि बाहेरची हवा आत येत होती. उन्हाळ्यात माठ बाहेरून ओला का होतो हे आपल्याला माहीत आहे; तेच. फक्त इथे वाहतूक दोन्ही बाजूंनी चालू होती. रसायनशास्त्रात खळबळ उडवणारा शोध म्हणजे गळका माठ निघाला.

त्याने हे सगळं १७८३ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं: आधी काय वाटलं, का वाटलं, मग काय सापडलं. शीर्षकातच पाण्याचं हवेत होणारं रूपांतर हे वरवरचं आहे असं म्हटलं. त्याची सगळीच पुस्तकं अशी आहेत. फसलेले प्रयोग, अपघात, बदललेली मतं, सगळं क्रमाने. वाचायला कंटाळा येतो, खरंच. लाव्हाझियेचं लिखाण त्यापुढे स्वच्छ रिलीझसारखं वाटतं, आणि प्रिस्टलीचं म्हणजे अख्खी कमिट हिस्टरी. पण दुसऱ्या कुणाला तोच प्रयोग पुन्हा करायचा असेल तर उपयोग कशाचा, हे मी सांगायला नको.

भांड्याचं छिद्र ज्याने एवढ्या चिकाटीने शोधलं, त्याला सिद्धांताचं छिद्र दिसलं नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं. माझा अंदाज असा की भांडं बदलून पाहता येतं. डोक्यातलं मॉडेल बदलून तोच प्रयोग करणं फार अवघड. आणि वजनावर त्याचा तेवढा विश्वास कधीच नव्हता, तो डोळ्यांवर आणि नाकावर चालणारा माणूस होता.

१४ जुलै १७९१

प्रिस्टली विज्ञानात जितका मोकळा, तितकाच धर्म आणि राजकारणात. ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दलच्या पारंपरिक मताला त्याने पुस्तकांतून विरोध केला, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध प्रवचन दिलं, फ्रेंच राज्यक्रांतीचं स्वागत केलं. बॅस्तिय पाडल्याच्या दुसऱ्या वाढदिवशी बर्मिंगहॅममधल्या एका हॉटेलात जेवण ठरलं. प्रिस्टली त्या जेवणाला गेलाही नव्हता. संध्याकाळी तो घरी बायको मेरीबरोबर सोंगट्यांचा खेळ खेळत होता, तेवढ्यात जमाव येतोय अशी खबर आली. ते दोघं नेसत्या कपड्यांनिशी निघाले. जमावाने घर फोडलं. आग लावायला विस्तव मिळेना, तेव्हा प्रिस्टलीच्याच मोठ्या विद्युत यंत्रातून ठिणगी काढायचा प्रयत्न झाला, आणि तो फसला, असं त्याने नंतर लिहून ठेवलं आहे. विस्तव शेवटी मिळालाच. ग्रंथालय, हस्तलिखितं, इंग्लंडमधल्या उत्तम खासगी प्रयोगशाळांपैकी एक, सगळं गेलं. दंगल तीन दिवस चालली.

वेजवुडने आणि इतर मित्रांनी मदत देऊ केली. पण लंडनमध्ये लोक त्याला टाळू लागले. त्याच्या रॉयल सोसायटीतल्या काही सहकाऱ्यांनीसुद्धा. एप्रिल १७९४ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, प्रिस्टली अमेरिकेच्या जहाजावर चढला. तो समुद्रावर असतानाच, ८ मे रोजी, पॅरिसमध्ये लाव्हाझियेचा शिरच्छेद झाला. एकाला क्रांतीच्या शत्रूंनी घालवलं, दुसऱ्याला क्रांतीने मारलं. पॅरिसच्या त्या टेबलावर जेवताना दोघांपैकी कुणाच्या स्वप्नातही हे नसणार.

पेनसिल्व्हेनियात नॉर्थम्बरलँड नावाच्या नदीकाठच्या छोट्या गावात त्याने घर बांधलं, त्याला लागून प्रयोगशाळा. फिलाडेल्फियाच्या विद्यापीठाने रसायनशास्त्राचं प्राध्यापकपद देऊ केलं, ते त्याने घेतलं नाही. १७९५ च्या जानेवारीत वेजवुड गेला, त्याच वर्षी धाकटा मुलगा हॅरी, आणि पुढच्या वर्षी मेरी. युरोपातले बहुतेक रसायनशास्त्रज्ञ एव्हाना ऑक्सिजनच्या बाजूला गेले होते. प्रिस्टलीने १८०० मध्ये फ्लॉजिस्टनच्या बचावाचं आणखी एक पुस्तक छापलं. ते जवळजवळ कुणाला पटलं नाही. तरीही विरोधकांच्या अडचणीचे प्रश्न तो नीट मांडत राहिला आणि त्यांची उत्तरं शोधताना नव्या रसायनशास्त्राचाच फायदा झाला.

६ फेब्रुवारी १८०४ च्या सकाळी, अंथरुणावरूनच, त्याने एका पुस्तिकेतल्या दुरुस्त्या मुलाला आणि एका मित्राला सांगून लिहून घेतल्या. लिहिलेलं वाचायला लावलं, एक-दोन ठिकाणी पुन्हा बदल केले आणि काम झालं म्हणून सांगितलं. थोड्याच वेळात तो गेला.

त्याच्या प्रयोगाला शंभर वर्षं झाली तेव्हा, १ ऑगस्ट १८७४ ला, अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ नॉर्थम्बरलँडला त्याच्या घरी जमले. दोन वर्षांनी अमेरिकन केमिकल सोसायटी स्थापन झाली. तिचा सर्वोच्च सन्मान १९२३ पासून प्रिस्टली मेडल या नावाने दिला जातो. त्याची निळी-पांढरी तबकडी आज ब्रिटिश म्युझियमसारख्या संग्रहालयांत आहे. बर्मिंगहॅमच्या त्या घरातली काचेची आणि मातीची भांडी त्याच रात्री फुटली होती.